जुना लॅपटॉप, दोन जीबी रॅम आणि आइसडब्ल्यूएम: पहिल्यांदाच लावणाऱ्यांसाठी

मे महिन्यात नागपुरात दुपारी बारा ते पाच इतवारीतून धरमपेठेत जायची माझी हिंमत नसते. पारा ४५ च्या पुढे, रस्त्यावर डांबर चपलेला चिकटतं. त्यामुळे भाचीचा लॅपटॉप मी फोनवरूनच लावून दिला. ती तिच्या खोलीत कूलरसमोर, मी ठोक दुकानाच्या गादीवर हिशेबाच्या वह्यांमध्ये. तीन दुपारी गेल्या. त्यातल्या दोन दुपारी ज्या खड्ड्यांत गेल्या, त्यातल्या बहुतेकांत मी स्वतः आधी पडलो होतो. तुम्ही पडू नये म्हणून हे लिहितोय.

तिचा लॅपटॉप दोन जीबी रॅमचा. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला किमान चार जीबी रॅम आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, म्हणजे तो रस्ता बंद. एका दुकानदाराने तिला "भंगारात टाका, ताई" असंही सांगून टाकलं. पण पोरीला हवं काय होतं? पीडीएफ वाचणं, मराठीत टिपणं काढणं आणि कधीमधी ब्राउझर. एवढ्यासाठी लॅपटॉप भंगारात कशाला? म्हणून विंडोजच्या जागी डेबियन नावाचं लिनक्स बसवलं आणि त्यावर आइसडब्ल्यूएम.

आइसडब्ल्यूएम हा लिनक्सवरचा विंडो मॅनेजर आहे, म्हणजे पडद्यावरच्या खिडक्या सांभाळणारा प्रोग्राम. १९९७ पासून आहे, मार्को माचेक यांनी सुरू केला, आणि दिसायला जुन्या विंडोजसारखा: खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, उजवीकडे घड्याळ. नवशिक्याला मी आय३ किंवा ओपनबॉक्स या दुसऱ्या विंडो मॅनेजरांच्या आधी हाच सुचवतो, कारण पहिल्या दिवशी काहीही न शिकता माउसने काम चालू होतं.

एक गोष्ट मात्र आत्ताच डोक्यात बसवा. विंडो मॅनेजर म्हणजे रिकामी भाड्याची खोली. भिंती आणि दार मिळतं. बल्ब, बादली, पंखा आपण आणायचा. ग्नोम किंवा केडीई हे भरलेले डेस्कटॉप तुम्हाला न विचारता वाय-फायचं चिन्ह, आवाज, पेन ड्राइव्ह, कुलूप, टचपॅड हे सगळं लावून ठेवतात. इथे ते प्रत्येक नाव घेऊन बोलवावं लागतं. नव्या माणसाला "हे बिघडलेलं आहे" वाटतं ते बहुतेक वेळा फक्त बोलावलेलं नसतं.

आज्ञा वाचायची पद्धत: खाली सगळं मी फोनवर बोललो तसंच लिहिलंय. टाइप करताना इंग्रजी छोटी अक्षरं वापरा. आइसडब्ल्यूएम म्हणजे आय-सी-ई-डब्ल्यू-एम, सलग. आडवी रेघ, तिरपी रेघ, टिंब जिथे दिसेल तिथे तेच चिन्ह. ~ हे चिन्ह एस्केपच्या खालच्या बटणावर शिफ्टसोबत असतं. मोठं अक्षर लागेल तिथे मी वेगळं सांगेन.

१. हाताशी काय हवं

– चार जीबीचा पेन ड्राइव्ह, लिनक्सची प्रत चढवायला. त्यातलं सगळं पुसलं जाणार आहे.
– जुन्या फाइली काढून ठेवायला दुसरी जागा. हे आज करा, बसवताना नाही.
– चार्जर. जुन्या बॅटरीच्या भरवशावर बसवायला घेऊ नका, मध्येच लाइट गेली तर अर्धवट डिस्क घेऊन बसाल.
– फोन आणि त्याची डेटा जाणारी केबल. नुसतं चार्जिंग करणाऱ्या केबलवर टिदरिंग (फोनचं इंटरनेट लॅपटॉपला देणं) होत नाही. भाचीने अर्धा तास त्यात घालवला.
– वही आणि पेन. स्क्रीनवर आलेली चूक शब्दाला शब्द उतरवायची. "काहीतरी एरर आला" याला फोनवर उत्तर नसतं.

२. मशीन ३२ बिट की ६४

कुठल्याही लाइव्ह पेन ड्राइव्हवरून (ज्यावरून न बसवताच लिनक्स चालतं) लिनक्स उघडा आणि टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, एलएससीपीयू टाका. दुसऱ्या-तिसऱ्या ओळीत "३२-बिट, ६४-बिट" असं दोन्ही दिसलं तर ६४ ची प्रत घ्या. फक्त ३२ दिसलं, जसं काही जुन्या ॲटम नेटबुकांवर दिसतं, तर ऑगस्ट २०२५ मध्ये आलेलं डेबियन १३ तुमच्यासाठी नाही. त्यात ३२ बिटचा इन्स्टॉलर काढून टाकलाय. तिथे डेबियन १२ किंवा त्यावर उभं असलेलं अँटीएक्स २३ घ्या.

अँटीएक्सबद्दल जाता जाता सांगतो. त्यात आइसडब्ल्यूएम आधीच लावलेलं मिळतं. घाईत असाल तर तेच घ्या, त्यात कमीपणा काही नाही. मी डेबियन घेतो, कारण त्यात काय आहे ते मीच टाकलेलं असतं, आणि बिघडलं तर कुठे हात घालायचा ते कळतं. भाचीच्या ६४ बिट मशीनवरही मी १२ च ठेवलं, माझ्या वहीतल्या सगळ्या नोंदी त्याच्याच आहेत. तुम्ही १३ लावलंत तर एखाद्या पॅकेजचं नाव बदललेलं भेटेल, तेव्हा ॲप्ट सर्च करून बघा (ॲप्ट म्हणजे डेबियनमध्ये पॅकेज, म्हणजे प्रोग्राम, शोधून बसवणारी आज्ञा).

३. डेबियन बसवताना दोनच पडदे महत्त्वाचे

बाकी "पुढे, पुढे" करत गेलात तरी चालतं. फक्त या दोन ठिकाणी थांबा.

पहिला पडदा रूटच्या, म्हणजे मशीनच्या मुख्य मालकाच्या, पासवर्डचा. तो रिकामा सोडा. हो, रिकामा. रिकामा सोडला की तुमच्या यूजरला सूडोचा, म्हणजे मालकाच्या हक्काने आज्ञा चालवायचा, अधिकार मिळतो. तिथे पासवर्ड भरला तर नंतर सूडोने सुरू होणारी एकही आज्ञा चालत नाही आणि माणूस पहिल्याच पायरीवर वैतागतो.

दुसरा पडदा सॉफ्टवेअर निवडीचा. त्यात डेबियन डेस्कटॉप आणि ग्नोमवर आधीच खूण असते. स्पेसबार दाबून दोन्ही काढा. खाली "स्टँडर्ड सिस्टम युटिलिटीज" तेवढी ठेवा. इथे एंटर आधी दाबला गेला तर दोन जीबीच्या मशीनवर अख्खं ग्नोम येऊन बसतं.

इंटरनेटसाठी फोन केबलने जोडून यूएसबी टिदरिंग चालू करा. इन्स्टॉलरला तो नेटवर्क कार्डासारखा दिसतो. वाय-फाय कार्डाचं फर्मवेअर (कार्ड चालायला लागणारी छोटी फाइल) डेबियन १२ पासून अधिकृत प्रतीतच येतं, त्यामुळे ते वेगळं शोधत हिंडायचं काम उरलं नाही. तरी मी टिदरिंगच वापरतो. का, ते सहाव्या पायरीत.

४. खोलीत सामान आणणं

बसवून झालं, मशीन पुन्हा सुरू झालं, की काळा पडदा आणि पांढरी अक्षरं. भाचीचा लगेच फोन: "मामा, काहीच दिसूनच नाही राहिलं. बंद पडला वाटते." बंद पडलेलं नाही. घर बांधून झालंय, सामान यायचंय. नाव-पासवर्ड टाका (पासवर्ड टाइप होताना ताराही दिसत नाहीत, तरी टाइप होतो) आणि मग:

सूडो ॲप्ट अपडेट
सूडो ॲप्ट इन्स्टॉल एक्सऑर्ग आइसडब्ल्यूएम लाइटडीएम

एक्सऑर्ग म्हणजे चित्र दाखवणारा, लाइटडीएम म्हणजे लॉगिनचा पडदा. आता बाकीचं सामान. हे एका दमात टाकू नका, दोन-तीन करून टाका, म्हणजे नाव चुकलं तर कुठलं ते कळेल:

– फायरफॉक्स-ईएसआर, ब्राउझर
– पीसीमॅनएफएम आणि जीव्हीएफएस, फाइलींसाठी. दुसरं विसरलात तर पेन ड्राइव्ह लावूनही दिसणार नाही.
– एलएक्सपोलकिट, परवानगी विचारणारी छोटी खिडकी
– नेटवर्क-मॅनेजर-ग्नोम, वाय-फायचं चिन्ह
– पाइपवायर-ऑडिओ आणि पाव्हूकंट्रोल, आवाज
– माउसपॅड, साधा लिहायचा प्रोग्राम
– क्यूपीडीएफव्ह्यू, पीडीएफ
– आय३लॉक, एक्सएसएस-लॉक, कुलूप
– एक्सइनपुट, टचपॅडसाठी
– फॉन्ट्स-लोहित-देवा, मराठी अक्षरं

या यादीतलं शेवटचं नाव लोक हमखास विसरतात आणि मग ब्राउझरमध्ये मराठीच्या जागी चौकोन बघत बसतात.

५. पहिलं लॉगिन, आणि दोन सारखी नावं

मशीन पुन्हा सुरू करा. लाइटडीएमच्या पडद्यावर वरच्या पट्टीत सेशन निवडायचं छोटं चिन्ह आहे. त्यात "आइसडब्ल्यूएम" आणि "आइसडब्ल्यूएम सेशन" अशी दोन नावं दिसतील. दुसरं घ्या. पहिल्यात नुसता विंडो मॅनेजर उघडतो. पार्श्वभूमी लावणं आणि तुमची स्टार्टअप फाइल चालवणं हे काम सेशनवालं करतं. पहिलं निवडून बसलात तर सातव्या पायरीतली मेहनत वाया गेली असंच वाटत राहील.

आत गेल्यावर हात बसवायला एवढं पुरे: कंट्रोल+एस्केपने मेनू, आल्ट+टॅबने खिडक्या बदलणं, आल्ट+एफ४ ने बंद, आल्ट+एफ१० ने पूर्ण मोठी. डेस्कटॉपच्या मोकळ्या जागेवर उजवी क्लिक केली तरी मेनू येतो. एखाद्या खिडकीचं शीर्षकच पडद्याबाहेर गेलं, लहान स्क्रीनवर हे फार होतं, तर आल्ट दाबून खिडकी कुठूनही धरा आणि ओढा.

थीम मेनूतल्या सेटिंग्जमधून बदलते. हवी ती घ्या, त्यावर वेळ घालवायचा असेल तर खुशाल घाला, पण आज नको.

६. वाय-फाय: "मॅनेज्ड नाही"

बसवताना वाय-फाय वापरलं असेल तर इन्स्टॉलर त्याची नोंद एका जुन्या पद्धतीच्या फाइलमध्ये करून ठेवतो. नंतर तुम्ही नेटवर्क मॅनेजर आणता, आणि तो ती नोंद बघून म्हणतो की हे कार्ड दुसऱ्या कोणाच्या ताब्यात आहे, मी हात लावत नाही. चिन्ह दिसतं, पण यादीत एकही नेटवर्क नाही. "डिव्हाइस नॉट मॅनेज्ड" लिहून येतं.

इलाज:

सूडो नॅनो /ईटीसी/नेटवर्क/इंटरफेसेस

नॅनो हा टर्मिनलमध्येच फाइल बदलायचा प्रोग्राम. यात एलओ नावाच्या दोन ओळी असतात, त्यांना हात लावू नका. त्याखाली डब्ल्यूएल ने सुरू होणाऱ्या कार्डाच्या ज्या ओळी आहेत, त्या प्रत्येकीच्या आधी # टाका. कंट्रोल+ओ, एंटर, कंट्रोल+एक्स. मशीन पुन्हा सुरू करा. टिदरिंगने बसवलं असेल तर वाय-फायची ही भानगडच येत नाही, म्हणून ते बरं.

७. स्टार्टअप फाइल

अख्ख्या लेखातली ही पायरी नीट करा, बाकीचं जमेल तसं.

तुमच्या घरच्या फोल्डरमध्ये टिंबाने सुरू होणारं एक फोल्डर लागतं. टिंबामुळे ते लपलेलं राहतं, पीसीमॅनएफएममध्ये कंट्रोल+एच दाबलं की दिसतं. ते तयार करून त्यात फाइल उघडा:

एमकेडीआयआर -पी ~/.आइसडब्ल्यूएम
माउसपॅड ~/.आइसडब्ल्यूएम/स्टार्टअप

आणि त्यात:

#!/बिन/एसएच
एनएम-ॲपलेट &
एलएक्सपोलकिट &
एक्सएसएस-लॉक -- आय३लॉक &

साठवा. मग, हे विसरायचं नाही:

सीएचमॉड +एक्स ~/.आइसडब्ल्यूएम/स्टार्टअप

सी-एच-एम-ओ-डी. या आज्ञेने फाइलला "चालायची" परवानगी मिळते. ती नसेल तर आइसडब्ल्यूएम फाइलकडे बघतच नाही, आणि तक्रारही करत नाही. गुपचूप सोडून देतो.

आता शेवटच्या & बद्दल. याने माझे दोन दिवस खाल्ले. माझ्या मशीनवर एलएक्सपोलकिटची ओळ वर होती आणि तिच्या शेवटी & नव्हता. & चा अर्थ "याला चालू करून सोड आणि पुढच्या ओळीवर ये". तो नसला तर शेल, म्हणजे आज्ञा एकामागोमाग चालवणारा, त्या प्रोग्रामच्या संपण्याची वाट बघत बसतो, आणि हा प्रोग्राम दिवसभर संपत नाही. त्यामुळे खालची वाय-फायची ओळ कधी आलीच नाही. पट्टीवर चिन्ह नाही. मला वाटलं राउटर गेला. इंटरनेटवाल्या पोराला दोनदा बोलावलं. दुसऱ्यांदा त्याने त्याच्या फोनवर व्हिडिओ लावून माझ्यासमोर धरला आणि म्हणाला, "काका, नेट तर धावून राहिलं ना." चहा पिऊन गेला. रात्री वही उघडून ओळ ओळ तपासली तेव्हा एक चिन्ह कमी सापडलं.

तेव्हापासून नियम: स्टार्टअपमध्ये एक ओळ वाढवायची, बाहेर पडून परत आत यायचं, चाललं की पुढची ओळ. कोणाची तरी चाळीस ओळींची तयार फाइल उचलून आणली तर तिच्यातली कुठली ओळ अडली हे शोधायला चाळीस वेळा लॉगिन करावं लागतं.

चौथ्या ओळीचं काम: लॅपटॉपचं झाकण मिटलं की मशीन झोपतं, हे डेबियन आपणहून करतं. पण उघडल्यावर पासवर्ड विचारणं हे कोणीच करत नाही, सरळ तुमचं काम समोर येतं. अभ्यासिकेत लॅपटॉप ठेवून खाली पोहे खायला जाणाऱ्यांनी ही ओळ टाकावीच. आय३लॉकचा पडदा नुसता पांढरा असतो, खिडकी नाही, रकाना नाही. घाबरू नका, पासवर्ड टाइप करा आणि एंटर दाबा.

टचपॅडवर टिचकी मारून क्लिक होत नाही? तेही कोणी बोलावलेलं नाही. टर्मिनलमध्ये एक्सइनपुट लिस्ट टाका, टचपॅडचं नाव वहीत जसंच्या तसं उतरवा, मोठी-छोटी अक्षरं सांभाळून. मग स्टार्टअपमध्ये:

एक्सइनपुट सेट-प्रॉप "टचपॅडचं नाव" "लिबइनपुट टॅपिंग एनेबल्ड" १

यात लिबइनपुट छोट्या अक्षरांत, टॅपिंग आणि एनेबल्ड यांची पहिली अक्षरं मोठी, शेवटी इंग्रजी एक. ही ओळ काम करून लगेच संपते, म्हणून इथे & लागत नाही.

८. मराठी लिहिणं

इनस्क्रिप्ट येत असेल तर काम एका ओळीचं. स्टार्टअपमध्ये:

सेटएक्सकेबीमॅप -लेआउट यूएस,इन -ऑप्शन जीआरपी:आल्ट_शिफ्ट_टॉगल

यूएस म्हणजे इंग्रजी, इन म्हणजे आय-एन, भारताचं देवनागरी इनस्क्रिप्ट. स्वल्पविरामानंतर जागा सोडू नका. आल्ट आणि शिफ्ट एकत्र दाबले की भाषा बदलते. याने एकही मोठा प्रोग्राम मेमरीत बसत नाही, म्हणून दोन जीबीवर मला हेच आवडतं. याचा एक तोटा आहे: आल्ट+शिफ्ट+टॅबने उलट्या क्रमाने खिडक्या बदलायची सवय असेल तर मध्येच भाषा पलटते.

उच्चाराप्रमाणे, म्हणजे "के" दाबलं की "क", असं लिहिणाऱ्यांनी आयबस-एम१७एन बसवावं. ते थोडी जास्त मेमरी घेतं. भाचीला तेच हवं होतं. मी तिला पंधरा दिवस इनस्क्रिप्ट करून बघ म्हटलं, ती हो म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी आयबस लावून मोकळी झाली. ठीक आहे.

एक गंमत. आइसडब्ल्यूएममध्ये चार वेगवेगळे डेस्कटॉप मिळतात आणि त्यांना नावं देता येतात. प्रेफरन्सेस फाइलमध्ये वर्कस्पेस-नेम्स नावाची ओळ असते (सलग लिहायचं, डब्ल्यू आणि एन मोठे). मी हौसेने "अभ्यास", "हिशेब", "वेब" लिहिलं. माझ्या डेबियन १२ वर पट्टीवर काय आलं? "अभ्यास"मधला भ पाय मोडून उभा, य शेजारी वेगळा, आणि "हिशेब"ची वेलांटी ह च्या उजवीकडे. फॉन्ट बरोबर होता, पण पट्टीची अक्षरं जिथे काढली जातात तिथे देवनागरीची जुळणीच होत नव्हती. ब्राउझर आणि माउसपॅडमध्ये मराठी ठणठणीत दिसते, हा प्रश्न फक्त पट्टीचा आणि खिडकीच्या शीर्षकाचा. उपाय साधा: जोडाक्षर आणि ऱ्हस्व वेलांटी नसलेली नावं घ्या. आता माझ्याकडे "वाचन", "वेब", "घर" आहेत आणि तिन्ही सरळ दिसतात.

९. प्रेफरन्सेस, बटणं, मेनू

या तीन वेगळ्या साध्या फाइली आहेत, सगळ्या त्याच टिंबवाल्या फोल्डरमध्ये. सगळ्या पर्यायांची लांबलचक यादी हवी असेल तर आइसडब्ल्यूएम --पोस्टप्रेफरन्सेस ही आज्ञा ती छापून दाखवते. पण मी फाइल रिकामीच सुरू करतो आणि मला बदलायच्या तेवढ्याच ओळी लिहितो, आज माझ्याकडे पाच आहेत. इकडून तिकडून तयार फाइल आणली असेल तर बघा, बऱ्याच ओळींच्या सुरुवातीला # असतो. तो काढल्याशिवाय आकडा कितीही बदला, फरक पडणार नाही.

बदल दिसायला मशीन बंद करायची गरज नाही. मेनूतून लॉगआउटच्या आत "रीस्टार्ट आइसडब्ल्यूएम" घ्या. उघड्या खिडक्या तशाच राहतात. आणि बदल करूनही फॉन्ट किंवा रंग जागचे हलले नाहीत, तर तो थीमचा शब्द आहे. थीमची फाइल तुमच्या प्रेफरन्सेसच्या नंतर वाचली जाते. तीच ओळ प्रेफओव्हरराइड नावाच्या फाइलमध्ये टाका, मग तुमचा शब्द शेवटचा.

बटणांच्या फाइलचं नाव कीज. ओळ अशी:

की "सुपर+ई" पीसीमॅनएफएम

सुपर म्हणजे खिडकीचं चित्र असलेलं बटण, त्याचा एस मोठा, बाकी छोटं. सापळा इथे आहे: तुमची स्वतःची कीज फाइल असली की मूळची वाचलीच जात नाही. तुम्ही एक बटण जोडायला जाता आणि आधी चालणारी चार बंद पडतात. म्हणून आधी मूळ फाइलची नक्कल आणा. ती कुठे आहे ते डीपीकेजी -एल आइसडब्ल्यूएम-कॉमन ही आज्ञा सांगते, यात एल मोठा. यादीत कीज शोधा, सीपी ने आपल्या फोल्डरमध्ये आणा, आणि शेवटी आपली ओळ जोडा. मेनू आणि टूलबार या फाइलींचंही तसंच.

मेनूतली ओळ चार तुकड्यांची असते: प्रॉग हा शब्द, दिसायचं नाव, चित्र, आणि आज्ञा. नावात जागा असेल तर दुहेरी अवतरणात. चित्र नको असेल तर तिथे नुसती आडवी रेघ, पण काहीतरी हवंच. तिसरा तुकडा गाळला तर आज्ञेलाच चित्र समजलं जातं आणि क्लिक करून काही होत नाही.

१०. मेमरी आणि ऊन

खरं सांगायचं तर विंडो मॅनेजर हलका केल्याने ब्राउझर हलका होत नाही. लॉगिन केल्यावर टर्मिनलमध्ये फ्री -एच टाका आणि "अव्हेलेबल" हा रकाना बघा, "फ्री" नाही. माझ्याकडे काही न उघडता बहुतेक मेमरी मोकळी असते. फायरफॉक्समध्ये सहा टॅब उघडले की ती गेली. दोन जीबीवर टॅबची शिस्त लागतेच. झेडरॅम-टूल्स हे पॅकेज टाका, ते मेमरीचाच एक भाग दाबून साठवायला वापरतं, म्हणून जुन्या हार्ड डिस्कवर स्वॅपची (मेमरी भरली की डिस्कवर टाकायची) घरघर कमी होते. बसवून मशीन पुन्हा सुरू केलं की झालं, फाइल बदलायची गरज मला पडली नाही.

पट्टीवर सीपीयूचा छोटा आलेख असतो. उन्हाळ्यात तो बघायची सवय लावा. काही करत नसताना आलेख भरलेला दिसला तर एखादा टॅब तापवतोय, तो बंद करा. आलेख रिकामा आणि पंखा तरी ओरडतोय, तर पंख्यात धूळ आहे, तिथे सॉफ्टवेअरचा इलाज नाही. आणि कूलरच्या अगदी तोंडाशी लॅपटॉप ठेवू नका. भाचीच्या कीबोर्डवर संध्याकाळी हात फिरवला की ओलसर लागायचा. वारा बाजूने येईल असं टेबल वळवलं, तेव्हा थांबलं.

११. फोल्डरची नक्कल

सगळं मनासारखं झालं की पेन ड्राइव्ह लावा, पीसीमॅनएफएममध्ये कंट्रोल+एच दाबा आणि टिंबवालं फोल्डर अख्खं त्यावर टाका. तुमची सगळी मेहनत त्या दोन-चार साध्या फाइलींत आहे, आकार काही केबी. एक भानगड मात्र लक्षात ठेवा: पेन ड्राइव्ह बहुतेक एफएटी पद्धतीचा असतो आणि त्यावर चालायची परवानगी नीट टिकत नाही. परत आणल्यावर सीएचमॉडची ओळ पुन्हा मारा.

भाचीच्या खोलीतली मैत्रीण मागच्या आठवड्यात तिचा लॅपटॉप घेऊन बसली. यावेळी फोन मला आला नाही, भाचीनेच नक्कल टाकून लावून दिलं. रात्री फक्त एक मेसेज: "मामा, तिचा टचपॅड टिचकी घेऊन नाही राहिला." मी लिहिलं, एक्सइनपुट लिस्ट, नाव वेगळं असेल. पाच मिनिटांनी नुसता अंगठा आला.